एका सुईचे दोघे

भिवंडी
९ जुलै १९७७

यादवा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून तू मुंबईत बसून मला शिव्या घालत असणार. घाल. पण आधी ऐक, मी पिवळा झालोय. थट्टा नाही. पंधरा दिवस झाले, जेवणाचं ताट बघितलं की मळमळतं. लूमच्या तेलाचा वास सोसत नाही. चालू शिफ्टमधून दोनदा बाहेर पळालो तर सेठ म्हणतो, "क्या अनंता, पीने लगा क्या?" परवा चंद्रा म्हणाली, "आरशात डोळे बघा जरा." बघितले तर हळद लावल्यासारखे. लग्न तुझं ठरलंय आणि हळद मला लागली!

आईने काविळीची माळ घातली आहे. आपल्या चौथीच्या मास्तरांना घातली होती, आठवतं? टोपीखाली माळ लपवून यायचे आणि आपण मागच्या बाकावरून मोजायचो, आज किती उतरली. मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. पहिल्या दिवशी मुकुटासारखी बसते, मग सैल होत गळ्यात, छातीवर आणि शेवटी पायाशी येते. पायाशी आली की माणूस सुटला म्हणे. माझी अजून कपाळावरच आहे.

एक मात्र झालं. पिवळ्या कातडीवर तुझं नाव काय उठून दिसतंय! चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेला आईनेच आपल्याला ओढत नेलं होतं. गोंदणारणीला तिने फर्मान सोडलं, "ह्याच्या हातावर त्याचा नाव घाल, त्याच्या हातावर ह्याचा." सुई बघून मी मागे सरलो. तू हसत आधी बसलास. तू रडत नाहीस हे बघून मग मी बसलो. सत्तावीस वर्षांचा घोडा, पण सगळ्या जत्रेने माझी बोंब ऐकली.

तुझ्या डॉक्टर साहेबांच्या प्रयोगशाळेत काविळीचंच काम चालतं ना? मग मित्र पिवळा झाल्याचा थोडा तरी उपयोग होऊ दे.

तुझा,
अनंता


परळ, मुंबई
१३ जुलै १९७७

अनंता,

असली गोष्ट कार्डावर, मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबून लिहितात? तुमच्या पोस्टमनने वाचली असणार आणि आता अख्ख्या धामणकर नाक्याला माहीत असणार. यापुढे अंतर्देशीय वापर.

येत्या मंगळवारी सकाळी उपाशीपोटी इकडे ये. चंद्रावहिनींनाही घेऊन ये, त्यांचंही रक्त घेऊ. साहेब स्वतः बघतील. माळ काढू नकोस, आई दुखावतील. माळेने नुकसान काही होत नाही. तेलकट खाऊ नकोस, कुणाकडून इंजेक्शन घेऊ नकोस आणि दारू तर तू पीत नाहीसच. निदान मला सांगत तरी नाहीस.

घाबरू नकोस. बहुतेक लोक बरे होतात. माझ्या लग्नात तुझ्याशिवाय नाचणार कोण? नवरी कलावतीने तर शाळेतून रजासुद्धा मागून ठेवली आहे.

यादव


भिवंडी
३० जुलै १९७७

यादवा,

तुझ्या दवाखान्यातून आल्यापासून मी विचार करतोय. आयुष्यात ठाण्याच्या पुढे चार वेळा गेलो असेन आणि माझ्या रक्तात निघालं काय, तर ऑस्ट्रेलिया! ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असलं नाव काविळीच्या खुणेला कोणी दिलं? चंद्राच्या रक्तात नाही, हे बरं झालं.

पण मला त्या ऑस्ट्रेलियापेक्षा दुसऱ्याची भीती वाटते. तू मला काळोख्या खोलीत नेलंस, दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलास. उंदराच्या पोटाची चकती, तिच्यावर माझ्या रक्ताचं पाणी, आणि चकतीतले स्नायू हिरवे चमकत होते. तू म्हणालास, तुझ्या रक्तात तुझ्याच मांसावर उठणारं काहीतरी तयार झालंय. तू आपला आनंदाने सांगत होतास. मला रात्रभर झोप नाही. घरचीच माणसं उलटली तर बाहेरच्यांचं काय घेऊन बसायचं?

आणखी एक. आईने माझं ताट-भांडं वेगळं केलंय. रोग पसरू नये म्हणून. आणि पेला कुठला दिला माहीत आहे? तोच जर्मन धातूचा, दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेला. तुझा. शाळा सुटल्यावर तू यायचास, आई वरून पाणी ओतायची, पिऊन झालं की तू तो स्वतः विसळून खिळ्याला लावायचास. मी एकदा मुद्दाम त्यातून प्यायलो तर आईने मला मारलं होतं. आता तीच मला त्यात पेज देते. पहिल्या दिवशी हातात घेतला तेव्हा कळलं, त्याची कड किती धारदार आहे ते. ओठाला लागते. तू इतकी वर्षं एकदाही बोलला नाहीस.

आईलाही काहीतरी वाटत असावं. देताना माझ्याकडे बघत नाही.

अनंता


परळ
६ ऑगस्ट १९७७

अनंता,

कड एका जागी जरा आत दबलेली आहे, तिथून प्यायचं. मला ती जागा पाठ होती. दुसऱ्या यत्तेत असताना शोधून काढली होती. पण तुला त्याची गरज नाही. साहेब म्हणतात, तुझ्या जातीची कावीळ पेल्याने पसरत नाही. रक्ताने पसरते, सुईने पसरते. आईंना सांग.

आता त्या हिरव्या रंगाबद्दल. चूक माझी, अर्धवट सांगितलं. शरीरात अँटिबॉडी तयार होतात, त्या रोगाशी लढायला. पण काविळीत काहीजणांच्या शरीरात इतका गोंधळ उडतो, की स्वतःच्या स्नायूंवर बसणाऱ्याही अँटिबॉडी तयार होतात. बहुतेकदा थोड्या दिवसांत आपोआप ओसरतात. साहेबांचा अंदाज असा, की ज्यांच्या शरीरात हा गोंधळ उडतो ते रोगाला बाहेर काढतात. ज्यांचं शरीर गप्प बसतं, त्यांच्या रक्तात ऑस्ट्रेलिया मुक्काम ठोकतो. म्हणजे कावीळ सुरू होतानाच ही चकती बघून पुढचं सांगता येईल का, हे आम्ही शोधतोय. नुसता अंदाज आहे हं. चाळीस माणसांवरून नियम होत नाही, उलटाही निघेल. पण तो अंदाज खरा असेल तर तुझं हिरवं चमकणं चांगलं. तुला गप्प बसवणं तर चौथीच्या मास्तरांनाही जमलं नव्हतं.

मला हे काम आवडतं, अनंता. आपण लहानपणी पपईच्या देठाची नळी करून डबक्यातलं पाणी ओढायचो ना, अगदी तसंच. काचेची नळी तोंडात धरायची, सीरम, म्हणजे ते रक्ताचं पाणी, ओढायचं, वर बोट ठेवायचं, थेंब सोडायचा. कधीतरी तोंडात जातं, थुंकून टाकायचं. सगळ्या नळ्यांवर नुसते नंबर. कोण आजारी आणि कोण धडधाकट, हे वाचणाऱ्याला माहीत नसतं. धडधाकट म्हणून आम्ही आमचंच रक्त घालतो. शिपायाचं, माझं, साहेबांचंसुद्धा. आजवरच्या नळ्या फ्रीजमध्ये आहेत. आता सगळ्यांची ऑस्ट्रेलियासाठी तपासणी व्हायची आहे.

पहिल्या तपासणीनंतर तीन महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबरात, पुन्हा रक्त द्यायला ये.

यादव


भिवंडी
२ सप्टेंबर १९७७

यादवा,

माळ पायाशी आली! आईने नारळ फोडला आणि माळ बाभळीवर टाकून आली. तुझा साहेब जिंकला की माझी आई, ते तुम्ही बघून घ्या. मी मात्र चोरून एक केलं. आईकडे दुसरी नवीन माळ होती, ती लूमच्या खांबाला अडकवली. आठ दिवसांत तीही लांब झाली. लूमलाही कावीळ झाली होती वाटतं! आईला सांगितलं नाही.

भूक लागते. डोळे पांढरे होत आलेत. कालपासून अर्धी ड्युटी करतो. तुझ्या लग्नासाठी मी काय ठरवलंय ऐक. लग्नाआधी आपण दोघांनीच अकलोलीच्या कुंडांवर जायचं. त्या सगळ्यांत कढत कुंडात पाय कोण जास्त वेळ ठेवतो, ती पैज पुन्हा लावायची आहे. मागच्या वेळी तू जिंकलास, पण तुझ्या पायांना आठ दिवस फोड होते, आणि तू तुझ्या आईला सांगितलंस की चिंचेच्या झाडावरून पडलो. फोड आणि झाड! तिने विश्वास कसा ठेवला देव जाणे. खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही.

अनंता


परळ
२८ सप्टेंबर १९७७

अनंता,

तब्येत सुधारली हे वाचून बरं वाटलं. कामाचा ताण फार आहे. रजा मिळत नाही, म्हणून लग्न दिवाळीनंतर न करता पुढे ढकललं आहे. कलावतीच्या घरी कळवलं. ऑक्टोबरात रक्त द्यायला ये. मी भेटेनच असं नाही, शिपाई घेईल.

यादव


भिवंडी
१२ ऑक्टोबर १९७७

यादव,

परवा रक्त देऊन आलो. तू भेटला नाहीस. शिपाई म्हणाला आत आहे, पण बाहेर आला नाहीस.

मी अडाणी असलो तरी मूर्ख नाही. पाच ओळींचं पत्र, लग्न पुढे, आणि मित्राला तोंड दाखवायचं नाही. तुला माझ्या रक्तात काहीतरी दिसलंय. मी जाणार हे तुला कळलंय आणि सुतकात लग्न नको म्हणून तू थांबलायस. बरोबर ना? असं करू नकोस. मी असलो-नसलो तरी लग्न कर. लूम सेठची आहे, ती दुसरा कोणी चालवेल. चंद्राला शिवण येतं. आईचं तेवढं बघ. तिला भाकरी दिलीस तर ती तुझ्या हातची खाईल. आता खाईल.

तुझ्याबरोबर लहानपण गेलं हे माझ्यासाठी पुष्कळ झालं. एकच सांगायचं राहिलं. तो पेला मी त्या दिवशी मुद्दाम तोंडाला लावला, तेव्हा मार मी एकट्याने खाल्ला आणि तू दाराबाहेर उभा राहून रडलास. जत्रेत मात्र सुईला हसलास.

खरं काय ते लिही.

अनंता


परळ
१७ ऑक्टोबर १९७७

अनंता,

गाढवा, तू मरत नाहीस. तुझ्या रक्तातला ऑस्ट्रेलिया गेला. पूर्ण गेला. मी स्वतः दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा साहेबांनी. चकतीवरचं हिरवंही फिकं झालंय. तू बरा झालास. आईंना सांग, चंद्रावहिनींना सांग. रडू नकोस, मी तुझ्या वाटचं रडून घेतलं.

यादव


भिवंडी
२० नोव्हेंबर १९७७

यादवा,

पत्र वाचून घरात दिवाळीच्या आधीच दिवाळी झाली. आईने तुझ्या नावाने दिवा लावला. पण त्याला महिना झाला, माझी दोन कार्डं गेली, तुझं उत्तर नाही.

मी मरत नाही, मग लग्न का अडलं? काल कलावतीवहिनी शाळेतून थेट आमच्याकडे आल्या. आईने चहा पुढे केला, त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "अनंतादादा, त्यांना मी नको झाले असेन तर तसं सांगायला सांगा. रजा नाही म्हणून लग्न मोडलेलं मी ऐकलं नाही कधी." मी म्हटलं, त्याला लिहितो. जाताना दारातल्या खिळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हाच का तो पेला?" म्हणजे तू त्यांना सांगितलंयस. ज्या बाईला पेला सांगितलास, तिला बाकीचं का सांगत नाहीस?

दुसरी कोणी असेल तर मी येऊन तुझे पाय मोडीन.

अनंता


परळ
४ डिसेंबर १९७७

अनंता,

दुसरी कोणी नाही. लिहायला बसतो आणि कागद फाडतो, असं दोन महिने चाललंय. आज फाडणार नाही.

धडधाकट म्हणून आम्ही आमचं रक्त घालतो, असं लिहिलं होतं. सप्टेंबरात त्या सगळ्या नळ्या ऑस्ट्रेलियासाठी तपासल्या. नंबर सतरा पॉझिटिव्ह निघाला. साहेबांनी वही उघडली आणि ती माझ्याकडे फिरवली. नंबर सतरा मी.

मला काही होत नाही. डोळे पांढरे, भूक चांगली. माझी चकती मीच बघितली, काळीकुट्ट. एक ठिपका हिरवा नाही. माझ्या शरीराला पत्ताच नाही आणि ऑस्ट्रेलिया आत खुशाल बसलाय. साहेब म्हणतात, असा तो वर्षानुवर्षं राहू शकतो. कधीतरी आपोआप जाईल किंवा जाणारही नाही. औषध नाही. बायकोला लागू शकतो, पोटच्या पोराला लागू शकतो. कलावतीला मी काय सांगू?

पण एवढंच असतं तर तुला केव्हाच लिहिलं असतं. आधी मला वाटलं, आपल्या दोघांनाही त्या जत्रेतल्या सुईने दिलं. मग फ्रीजमध्ये मागे राहून गेलेली माझी जुनी नळी काढून तपासली. तीही पॉझिटिव्ह. जत्रा एप्रिलची, अनंता. नळी जानेवारीची. म्हणजे माझ्या अंगात आधीपासूनच होतं. काचेच्या नळीने तोंडात आलेल्या कुठल्या थेंबातून आलं, कोण जाणे. गोंदायला मी आधी बसलो. तीच सुई न धुता तुझ्या हातात गेली. तुझी कावीळ माझी आहे. तू आईच्या भाकरीची सोय लावत होतास आणि तुला तिथवर आणणारा मी होतो.

आणखी एक लिहितो, वाईट आहे पण लिहितो. खोलीवर मी माझा पेला वेगळा ठेवलाय. पेल्याने पसरत नाही हे मीच तुला सांगितलं, तरी ठेवलाय. परवा तो विसळताना मनात आलं, तुझ्या आईंनी मला बाहेर पाणी दिलं ते बरोबरच होतं.

तू कलावतीकडे जा. तिला सांग, माझा नाद सोड. कारण तुला योग्य वाटेल ते सांग.

यादव


भिवंडी
१८ डिसेंबर १९७७

यादवा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी रागाने, नंतर तीन वेळा तुझ्यासाठी.

कावीळ तुझी होती, तर होती. मी काय परत करू शकतो का आता? तुला माहीत नव्हतं. मला भीती वाटली म्हणून तू आधी बसलास. जत्रेला आईने नेलं. मग दोष वाटायचाच तर तिघांत वाटू, माझ्या वाट्याला बोंब मारण्याचा दे.

पण पेल्याचं जे लिहिलंस त्यावर मी हात उचलला असता, समोर असतास तर. आमच्या घराने तुला वेगळा पेला दिला तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि तुझ्या रक्तात काहीही नव्हतं. तो पेला तेव्हा खोटा होता. वीस वर्षांनी तुला रोग लागला म्हणून तो खरा होत नाही. आणि लागला कशाने? आजारी माणसांचं रक्त तोंडाने ओढताना. ते कुणासाठी ओढत होतास?

मी कलावतीवहिनींकडे जाणार नाही. खोटं तुला जमत नाही आणि तुझ्या वतीने मलाही जमणार नाही. तू ये. तुझ्या तोंडाने सांग, मग त्या ठरवतील. फोड आणि चिंचेचं झाड हे एकदा चाललं, ती तुझी आई होती.

आईला मी सगळं सांगितलं. तू रागावशील, पण सांगितलं. ती उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली.

अनंता


परळ
३१ जानेवारी १९७८

अनंता,

परवा रविवारी मी सकाळच्याच एस.टी.ने आलो आणि तू मला शोधत नाक्यावर उभा, म्हणून आपली चुकामूक झाली. नंतर कलावतीकडे तू सोबत होतास, ते सगळं तू ऐकलंसच. तरी तिचं वाक्य मला पुन्हा लिहावंसं वाटतं. "लग्न पुढे ढकललंत ते मला न विचारता. आता तारीख मी ठरवीन." काल ती इथे आली होती. साहेबांना तिने तासभर प्रश्न विचारले. काय धोका, काय काळजी घ्यायची, मुलांचं काय. साहेबांनी काही लपवलं नाही. तिचं रक्तही घेतलं. माझं पुन्हा तपासलं, ते पॉझिटिव्हच आहे. ती म्हणाली, "असू दे, माहीत असलेलं बरं." बुद्धपौर्णिमेची तारीख धरली आहे. मी घाबरलेलाच आहे, पण एकटा नाही.

आता तू नव्हतास तेव्हाचं सांगतो. आईंनी सांगितलं नसेल.

मी ओट्यावर बसलो. आई आतून म्हणाल्या, "भाईर कशाला बसलास, आत ये." मी गेलो नाही. चहा करते म्हणाल्या, तेव्हा मी खिळ्यावरचा पेला काढला आणि पुढे केला. म्हटलं, "आई, ह्यातच द्या. आता खरंच वेगळा लागेल मला."

त्यांनी माझ्या हातातून तो घेतला आणि आत गेल्या. चहा घेऊन आल्या, त्या तुमच्या देवाजवळच्या फडताळातल्या चिनी मातीच्या कपातून. पाहुण्यांच्या. तो माझ्या हातात दिला. मग माझ्या शेजारी ओट्यावर बसल्या, आणि स्वतःचा चहा प्यायल्या त्या जर्मनच्या पेल्यातून. कड ओठाला लागली, तशा थांबल्या. म्हणाल्या, "लागतो रं."

मी त्यांना दबलेली जागा दाखवली. त्यांनी पेला फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "तुला म्हाईत व्हता. आनि तू कंदी बोलला न्हाय."

मग म्हणाल्या, "ह्यो आता माजा. मी हाय तवर ह्याच्यातच पिनार."

मी माझा चहा बशीत ओतला आणि बशीनेच प्यायलो. तेवढ्यात तू लांबून हाका मारत आलास. तुझा आवाज ऐकल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "त्याला सांगू नको."

मी सांगितलं. खोटं मला जमत नाही.

तुझा,
यादव